गँगमेंबर म्हणून आईसने पकडलं तर काय करायचं

अमेरिकेत आपल्या माणसाला गँगमेंबर ठरवून आईसवाल्यांनी (ICE, तिथली इमिग्रेशनची धरपकड करणारी सरकारी यंत्रणा) उचललं तर आधी त्याचा ए-नंबर (इमिग्रेशन खात्याने परदेशी माणसाला दिलेला नंबर) शोधा, तो आणि जन्मदेश टाकला की त्यांच्या ऑनलाइन लोकेटरवर माणूस कुठे ठेवलाय ते कळतं. मग वकील, इमिग्रेशनचाच हवा, सरकार फुकट देत नाही. न वाचता कशावरही सही करायची नाही प्लीज! पुरावा काय दाखवलाय ते बघा, नुसता टॅटू की कोर्टात झालेली शिक्षा, जमीनअस्मानाचा फरक पडतो. बाँडवर सुटला तरी तारीख चुकवू नका, गैरहजेरीतच डिपोर्टेशनची ऑर्डर निघू शकते. 1798 चा एलियन एनिमीज ॲक्ट (शत्रुदेशाच्या नागरिकांना पकडून हाकलायचा युद्धकाळातला कायदा) लावला असेल तर जिथे कोंडलंय तिथल्याच फेडरल कोर्टात हेबियस पिटिशन (ही कैद बेकायदा आहे असा अर्ज) टाका, हाकलण्याआधी नोटीस मिळायलाच हवी असं सुप्रीम कोर्टाने एप्रिल 2025 मध्ये सांगितलंय.