एकच फ्लॅट भाड्याने देताय? भाडेकरू निवडण्यापासून गळतीच्या फोनपर्यंत

कोथरूडच्या आमच्या वन बीएचकेत आत्तापर्यंत पाच भाडेकरू होऊन गेले आणि त्रास झाला तो फक्त ज्यांना मी घाईत घर दिलं त्यांचाच. फ्लॅट रिकामा पडला की मेंटेनन्स आणि हप्ता खिशातून जातो, मग एजंटने आणलेल्या पहिल्याच माणसाला हो म्हणावंसं वाटतं, तेवढं टाळा.

स्वतः भेटा. किती जण राहणार, नोकरी कुठे, किती दिवस राहायचा विचार आहे, आधीचं घर का सोडताय, हे सरळ विचारा. आधीच्या घरमालकाचा नंबर घ्या आणि खरंच फोन करा. सध्याचा मालक त्याला घालवायचंय म्हणून गोडही बोलेल, त्यामुळे त्याच्याही आधीचा मालक मिळाला तर फार बरं, त्याला एकच विचारायचं, परत घर द्याल का? सॅलरी स्लिप, आधार, पॅन बघा, भाडं पगाराच्या तिसऱ्या हिश्श्याच्या वर जात असेल तर मी तरी थांबते. जात, धर्म, घरात मच्छी शिजते का, लग्न का नाही केलं असले प्रश्न मात्र नकोत, मुलींना तर घर शोधताना हे ऐकून अक्षरशः रडू येतं आणि त्या उत्तरांवरून भाडं वेळेवर येईल की नाही हे काडीचंही कळत नाही.

अ‍ॅग्रीमेंट रजिस्टरच करा. अकरा महिन्यांचं असलं की नोटरी चालते असं अजूनही लोक सांगतात, महाराष्ट्रात ते चूक आहे. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे लेखी आणि नोंदणीकृत करार लागतो, जबाबदारी मालकाची, आणि केला नाही तर वाद झाल्यावर अटींबद्दल भाडेकरू जे सांगेल तेच धरून चालतात, उलटं सिद्ध करायचं काम आपलं. आता हे आधारवर अंगठा लावून घरबसल्या होतं. पोलिसांच्या वेबसाइटवर भाडेकरूची माहिती भरा, सोसायटीला कॉपी द्या. सोसायटी भाड्याचे जास्तीचे पैसे मागत असेल तर ते सर्व्हिस चार्जेसच्या १० टक्क्यांच्या वर घेता येत नाहीत.

चावी द्यायच्या दिवशी भिंती, नळ, गीझर, लाईटच्या मीटरचं रीडिंग असा सगळा व्हिडिओ काढा आणि त्याच्यासमोरच त्याला व्हॉट्सअ‍ॅप करा.

आता तक्रारी. यात मी एकदा मोठी चूक केलीय. जूनमध्ये भाडेकरूने बेडरूमच्या भिंतीला ओल आल्याचा फोटो पाठवला, मी म्हटलं पाऊस संपू दे मग बघू, आणि मी तो विषयच सोडून दिला, ऑगस्टमध्ये त्या भिंतीवरचा स्विचबोर्ड चरचरायला लागला. घरात त्यांचं तीन वर्षांचं बाळ होतं. ते कुटुंब सोडून गेलं, चांगली माणसं होती, आणि मला ते अजून लागतं.

म्हणून आता फोटो आला की त्याच दिवशी उत्तर, निदान "पाहिलं, उद्या माणूस पाठवते" एवढं तरी. करंट, गॅस, पाणी वाहतंय, संडास तुंबलाय हे त्याच दिवशी. नळ ठिबकतोय, दार घासतंय हे आठवड्यात. ओल असेल तर आधी ती कुठून येतेय ते शोधा, नुसता पुट्टी-रंग मारला तर पुढच्या वर्षी परत तेच. फक्त पावसात वाढत असेल तर बहुतेक बाहेरची भिंत किंवा गच्ची, ते काम सोसायटीचं, सेक्रेटरीला लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. बारा महिने ओली असेल तर वरच्यांचं बाथरूम किंवा पाइप, वरच्यांना विनंती करून त्यांच्या बाथरूममध्ये रंगाचं पाणी ओतून बघा, खाली रंग उतरला की वाद मिटतो, मग खर्चाचं आपण आणि वरचे बसून ठरवायचं, भाडेकरूला त्यात ओढू नका. बाहेरून वॉटरप्रूफिंग भिंत सुकल्यावरच होतं हे खरंय, पण तोपर्यंत त्या भिंतीवरची वायर इलेक्ट्रिशियनकडून बंद करून घेता येते, मी तेवढंसुद्धा केलं नव्हतं.

बल्ब, नळाचा वॉशर, त्यांच्या हातून फुटलेली काच त्यांच्याकडे आणि जुनं झालं म्हणून बिघडलेलं सगळं आपल्याकडे असं मी करारातच लिहिते. घरात जायचं असेल तर आदल्या दिवशी विचारून जा, चावी आहे म्हणून उघडायचं नाही. आणि भाडं थकलं तरी पाणी किंवा लाईट तोडू नका, त्याच भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २९ प्रमाणे तो गुन्हा आहे. मुदत संपूनही घर सोडत नसेल तर सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे अशा प्रकरणांसाठी याच कायद्याखाली नेमलेल्या अधिकाऱ्याकडे, अर्ज करा, कलम २४ प्रमाणे जास्तीच्या दिवसांचं दुप्पट भाडं मागता येतं, पण त्यासाठी तो रजिस्टर केलेला करार हातात हवा.

सोडताना तोच जुना व्हिडिओ दोघांनी मिळून बघा. उन्हाने उडालेला रंग आणि खिळ्याची भोकं यासाठी मी पैसे कापत नाही, मोडलेल्या वस्तूचे कापते आणि बिल दाखवते. शेवटचं लाईट बिल भरलं की उरलेलं डिपॉझिट चावी घेतानाच ट्रान्सफर करते, कारण त्यांनाही पुढच्या घराचं डिपॉझिट त्याच आठवड्यात भरायचं असतं.