चॅरिटी राइडची तयारी: पाय तयार असतात, तरी या चुका नडतात

लांब पल्ल्याची चॅरिटी राइड, म्हणजे एखाद्या संस्थेसाठी निधी जमवत केलेली सायकल फेरी, अर्ध्यात सोडणाऱ्यांना कारण विचारून बघा. ‘पायांत दमच उरला नाही’ म्हणणारे थोडेच भेटतील. कुणाचा गुडघा धरलेला असतो, कुणाला सीटवर बसवत नाही, कुणाच्या पोटात ढवळत असतं, कुणाचं दुसरं पंक्चर झालेलं असतं आणि जवळची एकुलती एक ट्यूब पहिल्यातच संपलेली असते. यांतल्या बहुतेकांनी तयारीचे महिने मात्र एकाच आकड्यामागे घालवलेले असतात: या आठवड्यात किती किलोमीटर झाले? किलोमीटर हवेतच, पण राइड मोडते ती बहुधा दुसरीकडेच.

नुसतं अंतर बघून नाव नोंदवणं

ब्रिटिश हार्ट फाउंडेशनसाठी निधी उभा करणारी लंडन ते ब्रायटन राइड 54 मैलांची, म्हणजे सुमारे 87 किलोमीटरची. आकडा वाचून घाबरायला होत नाही. पण ब्रायटन जवळ आलं की समोर डिचलिंग बीकनचा चढ उभा राहतो. जेमतेम दीड किलोमीटरचा, पण सरासरी 9 टक्क्यांच्या आसपासचा. पाय ताजे असताना हा चढ वेगळा आणि सत्तर किलोमीटर झाल्यावर वेगळा. म्हणून मार्गाचा उंचीचा आलेख मिळवा आणि दोन गोष्टी बघा: एकूण चढ किती मीटर आहे आणि तो कुठे आहे. सराव त्याप्रमाणे ठरवा. चढ शेवटी असेल तर सरावातही चढ शेवटीच घ्या. जवळपास चढ नसेल तर वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने जड गिअरवर, पण गुडघ्यांना सोसेल इतपतच, काही वेळ चालवा. चढाची सर त्याला नाही, पण काहीच न करण्यापेक्षा बरं.

नियमावलीतलं दुसरं कलम लोक घाईत वाचतच नाहीत: किमान निधी. बऱ्याच मोठ्या राइड्समध्ये प्रत्येक सायकलस्वाराला ठरावीक रक्कम जमवावीच लागते. कॅन्सरवरच्या संशोधनासाठी 1980 पासून चालत आलेल्या अमेरिकेतल्या पॅन-मॅस चॅलेंजमध्ये रक्कम कमी पडली तर उरलेली सायकलस्वाराच्या खिशातून जाते. सगळीकडे हाच नियम नसतो, पण आपल्या राइडचा काय आहे ते नोंदणीआधी कळलेलं बरं.

शेवटच्या महिन्यात सगळं भरून काढणं

आज सलग 25-30 किलोमीटर सहज चालवत असाल तर शंभरच्या राइडसाठी बारा आठवडे हाताशी असावेत. लोक पहिले आठ आठवडे ‘सुरू करतोच आता’ म्हणण्यात घालवतात आणि मग शनिवारी 40, पुढच्या शनिवारी 80 असं करत सुटतात. हृदय आणि फुप्फुसं लवकर जुळवून घेतात. स्नायूबंध आणि सांध्यांना त्याहून बराच जास्त वेळ लागतो. म्हणून दम वाढल्यासारखा वाटत असतानाच गुडघा दुखायला लागतो. आठवड्याचं एकूण अंतर साधारण 10 टक्क्यांनी वाढवावं, ही ढोबळ पण उपयोगी मर्यादा. तीन आठवडे वाढवलं की चौथ्या आठवड्यात मुद्दाम कमी करा.

दुसरी खोड म्हणजे प्रत्येक राइड सारख्याच जोरात मारणं. लांब राइड हळूच व्हायला हवी. शेजारच्याशी पूर्ण वाक्यात बोलता येत असेल तर वेग बरोबर आहे, शब्द तोडून बोलावं लागत असेल तर जास्त आहे. जोर लावायचाच तर आठवड्यात एखादा दिवस छोट्या राइडमध्ये लावा.

आणि हो, पूर्ण अंतर आधी करून बघायलाच हवं असं नाही. एका दिवसाच्या राइडसाठी 70-80 टक्क्यांपर्यंत पोचलात तरी पुरे, उरलेलं त्या दिवसाचा उत्साह आणि सोबतची माणसं काढून देतात. राइड अनेक दिवसांची असेल तर हिशोब बदलतो. तिथे खरी परीक्षा दुसऱ्या दिवशी सकाळी असते, आखडलेल्या पायांनी पुन्हा सीटवर बसताना. तेव्हा शनिवार-रविवार लागोपाठ लांब राइड करा, एकाच दिवशी विक्रम करण्यापेक्षा ते कितीतरी उपयोगी.

शेवटच्या आठवडा-दोन आठवड्यांत अंतर निम्म्यावर आणा. हे ऐकणारे कमी. ‘सराव तुटेल’ या धास्तीने दोन दिवस आधी साठ किलोमीटर हाणून येणारे प्रत्येक ग्रुपमध्ये असतात. त्या साठचा फायदा त्यांना राइडच्या दिवशी मिळत नाही, थकवा तेवढा मिळतो.

दुखण्याकडे ‘सवय होईल’ म्हणून बघणं

मला विचाराल तर सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. तासाभराच्या राइडमध्ये जो त्रास किरकोळ वाटतो तो सहा तासांत असह्य होतो. बहुतेक वेळा त्याचं मूळ सायकलच्या मापात असतं.

सीटची उंची आधी बघा. पेडल सर्वांत खाली असताना टाच त्यावर ठेवली की पाय सरळ व्हायला हवा. मग चवडा पेडलवर आणला की गुडघ्यात हलकासा बाक राहतो. आकड्यांत हवं असेल तर अनवाणी उभं राहून जांघेपासून जमिनीपर्यंतचं अंतर मोजा आणि 0.883 ने गुणा. ते माप 80 सेंटिमीटर असेल तर क्रँक (पेडलचे दांडे) ज्या आसाभोवती फिरतात त्याच्या मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंत साधारण 70.6 सेंटिमीटर येतं. हा आरंभबिंदू समजा, अंतिम शब्द नव्हे. बुटाचा तळ, क्रँकची लांबी, शरीराचा ताठरपणा यांनी थोडा फरक पडतो.

गुडघा पुढून, वाटीपाशी दुखत असेल तर सीट बहुधा खाली आहे किंवा फार पुढे सरकलेली आहे, किंवा तुम्ही जड गिअर रेटत आहात. मागून दुखत असेल तर सीट उंच असण्याची शक्यता जास्त. मागून येणाऱ्याला तुमची कंबर डावी-उजवीकडे डुलताना दिसत असेल तर उंच आहेच. दुरुस्ती करताना सीट एकदम दोन सेंटिमीटर उचलू नका. तीन-चार मिलिमीटर बदला, दोन-तीन राइड करा, मग पुढचं. आणि एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर फरक कशाने पडला ते कळत नाही. गिअरचं म्हणाल तर मिनिटाला 80 ते 90 फेऱ्यांनी हलके पेडल मारणं गुडघ्यांना मानवतं. सुरुवातीला पाय नुसतेच भिरभिरल्यासारखे वाटतात, पण काही आठवड्यांत अंगवळणी पडतं.

करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर होणं ही दुसरी नेहमीची तक्रार. तळहाताच्या कडेने जाणारी नस हँडलबारवर दाबली जाते त्याचा हा परिणाम. लोक लगेच जाड ग्लव्हज घेतात. त्याआधी सीटचं नाक खाली झुकलंय का ते बघा. झुकलं असेल तर अंग सतत पुढे घसरतं आणि सगळा भार हातांवर येतो. हँडल फार लांब किंवा खाली असेल तरी तेच होतं. दर पाच-दहा मिनिटांनी हाताची जागा बदला, कोपर किंचित वाकलेलं ठेवा. बधिरपणा दुसऱ्या दिवशीही राहिला तर मात्र डॉक्टरांना दाखवा.

बैठकीच्या दुखण्यावर रुंद, मऊ, गुबगुबीत सीट हा उपाय नाही. ती दुकानात छान वाटते. लांब राइडमध्ये बसण्याची हाडं तिच्यात रुततात आणि दाब भलत्याच जागी येतो. आपल्या बैठकीच्या हाडांमधल्या अंतराला जुळणारी, बेताची घट्ट सीट चांगली. पॅडेड शॉर्ट्स आतल्या कपड्यांशिवाय घालायची असते, हे संकोचापोटी कुणी सांगत नाही आणि मग शिवणी घासून जखमा होतात. राइड संपली की गप्पा मारत त्याच ओल्या शॉर्ट्समध्ये बसून राहू नका. जांघेत मुंग्या येत असतील तर अधूनमधून पेडलवर उभे राहा, आणि पुन्हा पुन्हा येत असतील तर सीटच बदला.

भूक लागल्यावर खाणं, दिसेल तितकं पाणी पिणं

शरीरातला ग्लायकोजेनचा, म्हणजे साठवलेल्या साखरेचा, साठा जोमाने चालवल्यास दीड-दोन तासांत संपत येतो. तो संपला की पाय जड होतात, डोकं चालत नाही, चिडचिड होते. इथवर पोचल्यावर कितीही खाल्लं तरी लगेच सावरता येत नाही. म्हणून पहिल्या अर्ध्या-पाऊण तासातच खायला सुरुवात करा आणि ताशी 30 ते 60 ग्रॅम कर्बोदकं पोटात जाऊ द्या. मध्यम आकाराच्या केळ्यात साधारण 25 ग्रॅम असतात, त्यावरून अंदाज बांधा. मोबाइलवर वीस-वीस मिनिटांचा गजर लावणाऱ्यांना हसू नका, संध्याकाळी तेच ताजेतवाने दिसतात.

पोटालाही सराव लागतो. घरून निघून एकही घास न खाता साठ किलोमीटर करणारा माणूस राइडच्या दिवशी विश्रांतीच्या थांब्यावर टेबल भरून ठेवलेलं बघतो आणि सगळंच चाखतो. पुढच्या चढावर पोट जाब विचारतं. आयोजक कोणतं एनर्जी ड्रिंक देणार आहेत ते आधी विचारून घ्या आणि लांब सरावात तेच वापरा. पचत नसेल तर आपलं सोबत न्या.

पाण्याच्या बाबतीत ‘जितकं जास्त तितकं चांगलं’ हा समज धोकादायक आहे. तासन्‌तास नुसतं पाणी ढोसल्याने रक्तातलं सोडियम पातळ होऊ शकतं. मळमळ, डोकेदुखी, गोंधळलेपण ही त्याची लक्षणं उन्हाच्या त्रासासारखीच दिसतात आणि मग लोक आणखी पाणी पाजतात. आपली गरज घरच्या वजनकाट्यावर काढता येते. राइडच्या आधी आणि नंतर वजन करा. एक किलो कमी भरलं तर प्यायलेल्याच्या वर साधारण एक लिटर घाम गेला. वजन वाढलं असेल तर जास्त प्यायलात. उकाड्यात इलेक्ट्रोलाइट (सोडियमसारखे क्षार) घ्या, पण पेटके आले की फक्त मीठ कमी पडलं असंच समजू नका. सरावापेक्षा जास्त वेगाने चालवल्यानेही ते येतात.

राइडच्या आदल्या दिवशी नवं काही बसवणं

नवे बूट, नवी सीट, नवे टायर. उत्साह समजण्यासारखा आहे, पण जे काही बदलायचं ते निदान दोन आठवडे आधी बदलून त्यावर एक लांब राइड करा. चेन तपासायला साधी पट्टी चालते: 24 दुव्यांची लांबी नव्या चेनमध्ये बरोबर 12 इंच असते. एक सोळांश इंच वाढली असेल तर बदला, नाहीतर ती कॅसेटचे, म्हणजे मागच्या चाकावरच्या गिअरच्या चकत्यांचे, दातही खाते. चेनवर तेल टाकल्यावर वरचं पुसून काढा. थबथबलेली चेन धूळ ओढते.

टायरच्या बाजूवर लिहिलेला सर्वांत मोठा आकडा ही कमाल मर्यादा असते, शिफारस नव्हे. कमी वजनाच्या माणसाने तितकी हवा भरली तर हाडं खिळखिळी होतात, ओल्या रस्त्यावर पकडही कमी होते. उलट हवा फार कमी असेल तर खड्ड्यात ट्यूब रिमवर चिमटते. ट्यूबला शेजारी शेजारी दोन छोटी भोकं दिसली की समजा, हवा कमी होती. एकच भोक असेल तर काटा किंवा काच टायरमध्ये अजून असणार. तो न काढता नवी ट्यूब घालणं म्हणजे पाच मिनिटांनी पुन्हा तेच काम. टायरच्या आतून सावकाश बोट फिरवा. दोन ट्यूब, टायर लिव्हर (टायर रिमवरून काढायची पट्टी), पॅच आणि पंप सोबत हवेतच, पण मागचं चाक काढून परत बसवायचा सराव घरी केलेला नसेल तर ते नुसतं वजन.

पहिल्याच तासात वाहून जाणं

शेकडो सायकली, बँड, टाळ्या. ताशी 20 ने सराव केलेला माणूस 26 ने सुटतो आणि त्याला कळतही नाही. पहिला तास मुद्दाम हळू काढा. घोळक्यात आपलं पुढचं चाक दुसऱ्याच्या मागच्या चाकाशेजारी आणू नका. तो जरा वळला की पडता तुम्ही, तो नाही. खड्डा हाताने दाखवा, थांबायचं असेल तर आधी ओरडून सांगा, मग बाजूला व्हा.

‘लोकांनी पैसे दिलेत’ म्हणून रेटत राहणं

ही अडचण खास चॅरिटी राइडची. स्वतःसाठी चालवणारा माणूस गुडघा दुखला तर थांबतो. देणग्या घेतलेला माणूस लाजेपोटी थांबत नाही. छातीत दुखणं, उन्हात घाम थांबणं किंवा भान हरपल्यासारखं होणं, पडल्यावर डोक्याला मार लागणं, यांतलं काहीही झालं तर राइड तिथेच संपली आणि वैद्यकीय मदत मागवायची. हेल्मेट आपटलं असेल तर वरून धड दिसलं तरी ते बदला. वाढत जाणाऱ्या, चालण्याची ढब बदलणाऱ्या दुखण्यालाही सपोर्ट व्हॅन, म्हणजे आयोजकांची मदतीची गाडी, हेच उत्तर. ती त्यासाठीच असते.

हे दडपण निधी मागतानाच हलकं करता येतं. शेवटच्या आठवड्यात सगळ्यांना एकच सरसकट मेसेज टाकू नका. दीड-दोन महिने आधी एकेकाला नावाने लिहा: संस्था काय काम करते, रकमेतला किती भाग तिच्यापर्यंत पोचतो, शेवटची तारीख कोणती. तुमचं नोंदणी शुल्क आणि प्रवास देणगीतून जातो की नाही हे कुणी विचारण्याआधीच सांगा. कुणी ‘किलोमीटरमागे इतके’ असं कबूल केलं तर राइड अर्ध्यात थांबली तर काय, हे तेव्हाच विचारून ठेवा. बहुतेक जण ‘तरी पूर्ण देईन’ म्हणतात. निधीचं पान राइडनंतरही काही दिवस उघडं असेल तर घरी आल्यावर फोटोसोबत ते पुन्हा पाठवा. आधी ‘बघू’ म्हणालेले काही जण तेव्हा देतात.