काटकसर करताना या चुका टाळा: कांद्याच्या गोणीपासून वीजबिलापर्यंत

एप्रिल-मे आला की नाशिकच्या रस्त्यांवर कांद्याचे टेम्पो उभे राहतात. पाथर्डी फाटा, सिडको, जेलरोड, कुठेही पाहा, गोण्यांची थप्पी लागलेली असते आणि भाव ऐकून गाड्या थांबत असतात. कांदा पिकवणाऱ्या जिल्ह्यात राहतो, तर हा फायदा घ्यायलाच हवा. पण त्यातल्या बऱ्याच गोण्यांमधला कांदा श्रावणाच्या आत घंटागाडीत जातो. गोणी हजार रुपयांना पडली आणि पन्नासातला पंधरा किलो कांदा सडला, तर वीस रुपये किलोचा कांदा साडेअठ्ठावीस रुपयांना पडला. तेवढ्या भावात कोपऱ्यावरच्या गाडीवर हवा तेव्हा, ताजा आणि निवडून मिळाला असता.

माझं सांगणं हेच आहे. भावाची घासाघीस बहुतेकांना जमते. आणलेली वस्तू शेवटपर्यंत वापरात आली का, हे मात्र फार थोड्या घरांत पाहिलं जातं, आणि पैसा तिथेच गळतो.

कांदा ओळखून घ्या

दिवाळीच्या सुमारास येणारा लाल कांदा, ज्याला शेतकरी पोळ म्हणतात, साठवायचा नसतो. त्यात पाणी जास्त, पत्ती म्हणजे वरचं साल पातळ आणि मान ओली. तो तीन-चार आठवड्यांत संपवावा. त्यानंतरचा रांगडाही फार दिवस धरवत नाही. साठवणीला उन्हाळीच लागतो: डिसेंबर-जानेवारीत लावलेला आणि मार्चअखेर ते मे या काळात काढलेला. शेतावरच्या चांगल्या कांदाचाळीत तो चार-सहा महिने राहतो. पण तिथेही वजनात बरीच घट येते, हे कुठलाही शेतकरी सांगेल. मग तुमच्या बाल्कनीत ती येणारच, म्हणून ती आधीच हिशेबात धरा.

घेताना मान बघा. ती बारीक आणि पूर्ण वाळलेली हवी. पत्ती दुहेरी आणि आकार मध्यम असावा. जाड मानेचे, डेंगळे म्हणजे फुलाचे दांडे आलेले, जोड कांदे बाजूला काढा. गोल्टी, म्हणजे अगदी लहान कांदा, स्वस्त असते. ती लगेच वापरायला जरूर घ्या, फक्त सोलायला वेळ लागेल याची तयारी ठेवा.

घरी आणल्यावर गोणी तशीच जिन्याखाली उभी करणं ही सगळ्यात महागात जाणारी चूक. खालचे कांदे दबतात, हवा लागत नाही, एक सडला की त्याच्या ओलीने शेजारचे जातात. टोमॅटोची रिकामी कॅरेट मिळाली तर उत्तम. दोन-तीन थर, त्याहून जास्त नको. खाली विटा ठेवून कॅरेट जमिनीपासून उचला. बटाटे वेगळे ठेवा, कारण त्यांच्या ओलाव्याने कांदा लवकर खराब होतो. आठवड्यातून एकदा हात फिरवून मऊ पडलेले कांदे काढा आणि आधी वापरा. कोंब आलेला कांदा फेकू नका, भाजीत चालतो. नाहीतर कुंडीत खोचला की पात मिळते. वरच्या पापुद्र्यावर काळी भुकटी दिसली तर तो पापुद्रा काढून कांदा धुऊन घ्या. आतही काळं असेल तर टाकून द्या.

किती घ्यायचा? चौघांच्या घरात महिन्याला साधारण सहा-सात किलो लागतो. म्हणजे तीन महिन्यांचा वीस किलो पुष्कळ झाला. आणि घरात चातुर्मास पाळला जात असेल तर कांदेनवमीनंतर ती गोणी कोण खाणार, याचा विचार मे महिन्यातच करायला हवा.

स्वस्त जुडी आणि लांबचा बाजार

नाशिकची मेथी-कोथिंबीर रातोरात मुंबईला जाते. आवक वाढली की इथे भाव पडतो आणि भलीमोठी जुडी मिळते. मग दोन जुड्या घेतल्या जातात, धुऊन पिशवीत घालून फ्रिजमध्ये ठेवल्या जातात आणि चौथ्या दिवशी पिशवीत काळा चिखल होतो. चूक धुण्यात आहे. पालेभाजी आणल्यावर आधी निवडा, पिवळी पानं काढा, ओली असेल तर पंख्याखाली पसरा, मग सुती फडक्यात किंवा कागदात गुंडाळून डब्यात ठेवा. धुवायची ती वापरण्यापूर्वी. उरलीच तर मेथी सावलीत वाळवा. हिवाळ्यात कसुरी मेथीचं पाकीट आणावं लागत नाही.

बुधवारी गोदाघाटावरचा बाजार स्वस्त असतो, हे खरं. पण सिडकोतून स्कूटरवर जाऊन-येऊन बारा-चौदा किलोमीटर पडतात आणि पेट्रोल लिटरला शंभरच्या पुढे आहे. तीस-पस्तीस रुपये रस्त्यातच गेले. आठवड्याची सगळी भाजी आणणार असाल, किंवा शेजारणीची पिशवीही भरून आणणार असाल, तर जा. दोन जुड्यांसाठी नको. दिंडोरी रोडच्या बाजार समितीतून घाऊक भाजी घ्यायची तर चार घरं मिळून घ्यावी. एकट्या घराला कॅरेटभर टोमॅटो झेपत नाहीत. आणलेच तर पिकलेले उकडून, गाळून, छोट्या डब्यांत बर्फाच्या कप्प्यात ठेवा.

वर्षाचे गहू

सुगीनंतर गहू स्वस्त असतात, निवडही भरपूर असते, म्हणून वर्षाचे भरण्याची पद्धत चांगलीच आहे. बिघडतं ते कोठीत भरताना. दुपारभर गच्चीवर कडक ऊन दिलेले गहू गरम असतानाच कोठीत ओतले जातात. झाकण लागतं, आतली वाफ गार होऊन पत्र्याला धरते, आणि पावसाळा सुरू होण्याआधीच किड्यांना हवी ती ओल तयार होते. ऊन दिल्यावर गहू रात्रभर सावलीत पसरू द्या, पूर्ण गार झाले की भरा. दाण्याची परीक्षा दाताखाली घ्या: कट्ट करून तुटला तर भरायला योग्य, दबला तर अजून ऊन हवं. कोठी फरशीवर टेकवू नका, लाकडी पट्ट्यांवर ठेवा. वाळलेला कडुनिंबाचा पाला थराथरात घाला. तूरडाळीला एरंडेलाचा हलका हात लावण्याची आजीच्या वेळची रीत आजही तितकीच चालते.

किडे झालेच तर घाबरून सगळं टाकू नका. चाळणीने चाळा, पातळ थर करून कडक ऊन द्या आणि पुन्हा गार करून भरा. रव्यात किंवा मैद्यात दिसले तर तो टाकलेला बरा. नवा रवा भाजून ठेवा, किंवा आणल्यावर तीन-चार दिवस फ्रीजरमध्ये राहू द्या.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगते. धान्यात ठेवायला म्हणून मिळणाऱ्या विषारी गोळ्या घरात आणू नका. गोदामातल्या गोळ्यांमध्ये ॲल्युमिनियम फॉस्फाइड असतं. ओल लागली की त्यातून फॉस्फिन वायू सुटतो आणि बंद घरात झोपलेली माणसं त्याने दगावतात. चार किलो गहू किडले तरी चालतील.

ज्यांचं घर दोन खोल्यांचं आहे आणि कोठीला कोरडी जागा नाही, त्यांनी तीन महिन्यांचेच गहू घ्यावेत. कमी पडलं असं वाटून घेऊ नये.

किराण्याच्या दुकानात पाकिटावरच्या किमतीशेजारी बारीक अक्षरात प्रति ग्रॅम किंवा प्रति मिलिलिटर दर छापलेला असतो, तो वाचा. मोठं पाकीट दर वेळी स्वस्त असतंच असं नाही. तेलाची एक लिटरची पिशवी म्हणजे साधारण 910 ग्रॅम. आता तशाच दिसणाऱ्या कमी वजनाच्या पिशव्याही मिळतात, तेव्हा दोन दुकानांचा भाव ताडताना वजन आधी बघा.

वीजबिल अचानक वाढलं तर

आधी बिल वाचा. चालू आणि मागील रीडिंग दिलेलं असतं, ते मीटरशी ताडून पाहा. रीडिंग न घेता सरासरीने बिल आलंय का ते बघा. दोन महिन्यांचे युनिट एकदम आले असतील तर स्लॅब, म्हणजे दराचे टप्पेही, दोन महिन्यांच्या हिशेबाने लागायला हवेत. तसं नसेल तर मीटरचा फोटो काढून तक्रार करा. सगळं बरोबर असेल तर घरातला प्रत्येक स्विच बंद करा, फ्रिजचा प्लगही काढा आणि मीटरवरचा लाल दिवा पाहा. तो तरीही लुकलुकत असेल तर कुठेतरी वीज गळते आहे. इलेक्ट्रिशियनला बोलवा, ही वाट पाहण्याची गोष्ट नाही.

एक गैरसमज घरोघरी ऐकू येतो: शंभर युनिट ओलांडले की सगळं बिल वरच्या दराने लागतं. तसं नाही. महावितरणचे घरगुती टप्पे 0 ते 100, 101 ते 300, 301 ते 500 आणि 500 च्या पुढे असे आहेत. 105 युनिट झाले तर वरचा दर फक्त त्या पाच युनिटांना लागतो. मात्र दुसऱ्या टप्प्यात युनिट पहिल्याच्या जवळजवळ दुप्पट पडतं, आणि तुम्ही वाचवता ते युनिट नेहमी सगळ्यात वरच्या टप्प्यातलं असतं. म्हणून वाचवलेल्या पंधरा युनिटांची किंमत सरासरी दरापेक्षा जास्त भरते.

ही पंधरा युनिटं कुठून येतील? मोबाइलचा चार्जर काढून काही होत नाही, तिथे जीव अडकवू नका. जुना पंखा 75 वॉटचा असतो, कमी वीज खाणाऱ्या मोटरचा बीएलडीसी पंखा 28 ते 35 वॉटचा. रोज बारा तास चालणारा एक पंखा बदलला तर महिन्याला पंधरा-सोळा युनिटं वाचतात. सगळे पंखे एकदम बदलायची गरज नाही. जो सर्वात जास्त फिरतो तोच बदला. पाहुण्यांच्या खोलीतला जुनाच राहू द्या.

नाशिकच्या थंडीत मोठा खर्च गीझरचा. 2000 वॉटचा गीझर अर्धा तास चालला की एक युनिट झालं. घरातल्यांनी लागोपाठ आंघोळी उरकल्या तर तेच तापलेलं पाणी पुरतं. सहाला एक, आठला एक, साडेनऊला एक असं चाललं की टाकी पुन्हा पुन्हा तापते. पूर्वीपेक्षा पाणी तापायला जास्त वेळ लागत असेल, आणि बोअरचं जड पाणी येत असेल, तर कॉइलवर क्षार बसलेत. साफ करून घ्या. सोलर असेल तर नळातून सुरुवातीला येणारं गार पाणी बादलीत धरा, फरशीला वापरा.

बिल आल्याबरोबर भरलं तर थोडी सूट मिळते. त्याची तारीख बिलावरच असते. कागदी बिल बंद केलं की आणखी थोडी सूट मिळते.

गॅस

भरलेल्या सिलिंडरमध्ये 14.2 किलो गॅस असतो. लावल्याची तारीख कॅलेंडरवर लिहा, नाहीतर तुमच्या उपायांनी काही वाचलं की नाही हे कधीच कळणार नाही. मोठ्या आचेवर पाच शिट्ट्या मोजणं ही नेहमीची चूक. शिट्टी म्हणजे बाहेर जाणारी वाफ. पहिली शिट्टी होताच आच बारीक करा आणि मिनिटं मोजा. तूरडाळ अर्धा तास भिजवा. राजमा आणि छोले रात्रभर. ज्योत पिवळी दिसली तर बर्नरची भोकं बुजलेली असतात, सुईने मोकळी करा.

इथे हात आखडू नका

तळणीचं तेल पुन्हा पुन्हा तापवू नका. एकदा वापरलेलं गाळून दोन दिवसांत फोडणीत संपवा. गॅसची नळी तिच्यावर छापलेल्या मुदतीत बदला. आयएसआय शिक्का नसलेली स्वस्त वायर गीझरला लावू नका.

वाचलेले पैसे रोजच्या खर्चाच्या खात्यात पडून राहिले तर महिन्याच्या शेवटी तिथे नसतात. पोस्टात 100 रुपयांपासून पाच वर्षांचं आवर्ती ठेव खातं उघडता येतं. पगार झाला की पहिल्या आठवड्यातच हप्ता जाऊ द्या. आकर्षक व्याज पाहून पतसंस्थेत सगळे पैसे ठेवणार असाल तर हे लक्षात घ्या: बँकेतल्या ठेवीला 5 लाखांपर्यंत विमा असतो, पतसंस्थेतल्या ठेवीला नसतो. पोस्टातला एखादा हप्ता चुकला तर शंभराला एक रुपया दंड भरून खातं पुढे चालू ठेवता येतं. ओळीने चार चुकले की ते खंडित होतं, आणि पुन्हा सुरू करायला त्यानंतर दोन महिन्यांची मुदत मिळते.