फॉल्स सीलिंगला भोके पाडण्याआधी: छतातल्या एलईडी दिव्यांचे नियोजन

फ्लॅटचे काम काढल्यावर छतात बसवायच्या दिव्यांचा विचार बहुधा शेवटी, पीओपी अर्धे झाल्यावर होतो आणि मग कारागीर छताचे समान भाग पाडून ओळीने कन्सील्ड लाइट बसवून मोकळा होतो. वर पाहताना ही रांग देखणी वाटते. पण पलंगावर आडवे झालेल्याच्या डोळ्यांवर झोत येतो आणि जिथे काम चालते तिथे सावली पडते. म्हणून आधी सामानाची मांडणी कागदावर काढावी आणि दिव्यांच्या जागा त्यानंतरच ठरवाव्यात.

स्वयंपाकघरात ही गोष्ट लगेच पटते. दिवा खोलीच्या मध्यावर असेल, तर ओट्याकडे तोंड करून भाजी चिरणाऱ्याची सावली नेमकी सुरीखाली येते. ओटा साधारण दोन फूट रुंद असतो. तेव्हा दिव्याचा मध्य भिंतीपासून तेवढ्याच अंतरावर, म्हणजे ओट्याच्या पुढच्या कडेच्या बरोबर वर घ्यावा, आणि भिंतीवर कपाटे असतील तर त्यांच्या तळाशी एलईडी पट्टी लावावी. प्रकाशाचा रंग 4000 केल्विनचा (आकडा जितका लहान तितका प्रकाश पिवळसर, मोठा तितका पांढरा) आणि सीआरआय, म्हणजे वस्तूंचे रंग किती खरे दिसतात याचे शंभरपैकी माप, 90 च्या आसपास असावा, कारण कमी सीआरआयच्या प्रकाशात फोडणी करपू लागली आहे की नुसतीच तांबूस झाली आहे, हे कळत नाही. झोपण्याच्या खोलीत 3000 केल्विन पुरे. 6500 केल्विनचा पांढराफटक प्रकाश दुकानात झगझगीत दिसतो म्हणून घरभर लावण्याची आपल्याकडची हौस मला तरी अनाकलनीय वाटते.

पंख्याचा विचार मात्र हमखास राहून जातो. दिव्याचा झोत पात्यांवर पडला, की फिरत्या सावल्या भिंतीवर आणि पुस्तकाच्या पानावर नाचू लागतात आणि थोड्याच वेळात डोके धरते. नेहमीच्या 1200 मिलिमीटरच्या पंख्याची पाती मध्यापासून दोन फुटांपर्यंत पोहोचतात. त्यामुळे दिवा मध्यापासून किमान तीन-साडेतीन फूट दूर आणि झोताचा कोन 60 अंशांपेक्षा कमी असलेला घ्यावा.

दहा बाय पंधरा फुटांच्या हॉलला सर्वसाधारण उजेडासाठी दहा वॅटचे चार-पाच दिवे बहुतेकदा पुरतात. संख्या वाढवण्यापेक्षा त्यांना दोन-तीन स्वतंत्र बटणांवर विभागणे अधिक उपयोगाचे, म्हणजे टीव्ही पाहताना सगळे छत पेटवावे लागत नाही.

खरेदी करताना वॅटपेक्षा ल्युमेन, म्हणजे दिवा किती उजेड देतो ते पाहावे, आणि वेष्टनावर भारतीय मानक ब्यूरोचा नोंदणी क्रमांक आहे का तेही तपासावे. छतातला दिवा बंद पडतो तेव्हा बहुधा एलईडी नव्हे, तर त्याचा ड्रायव्हर, म्हणजे एलईडीला योग्य वीज पुरवणारा छोटा डबा, गेलेला असतो. त्यामुळे ड्रायव्हर वेगळा निघणारा आणि शक्य तर 4 केव्ही (किलोव्होल्ट) सर्ज संरक्षण, म्हणजे विजेचा दाब अचानक उसळला तर त्यापासून बचाव, असलेला निवडावा. भोक दिव्याच्या वेष्टनावर दिलेल्या कटआउटच्या मापानेच पाडावे. त्याआधी तिथे छताची पत्र्याची चॅनल जात नाही ना, हे पाहावे. दिव्याच्या पाठीमागे हवेसाठी मोकळी जागा हवी. त्यावर थर्मोकोल किंवा ग्लासवूल टाकू नये, कारण उष्णता अडली की दिव्याचे आयुष्य घटते. जोडणी मेन स्विच बंद करून परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावी. बटण बंद असूनही दिवा मंद मिणमिणत राहिला, तर बटणावर फेजऐवजी न्यूट्रल तोडला गेला आहे का, हे त्याच्याकडून आधी तपासून घ्यावे. तसे असल्यास बंद दिव्यातही वीज पोहोचत असते, म्हणून ती जोडणी तशीच ठेवू नये. जुना डिमर नव्या दिव्यांना चालेलच असे नाही. दिव्यावर ‘डिमेबल’ लिहिलेले नसेल तर तो लुकलुकतो.

दिव्यात पाणी आणि धूळ शिरू न देण्याचा दर्जा आयपी या आकड्याने सांगतात. बाथरूममध्ये आयपी 44, तर पाऊस थेट लागणाऱ्या सज्जाखाली आणि गच्चीच्या जिन्यात किमान आयपी 65 दर्जाचा दिवा घ्यावा. पोर्चमध्ये पिवळसर प्रकाश ठेवला, तर पावसाळ्यात किड्यांचा त्रास पांढऱ्या प्रकाशापेक्षा कमी होतो. अंगणात जमिनीत बसवायचा दिवा आयपी 67 चा असला, तरी त्याच्या खड्ड्यात तळाशी खडीचा थर घालून पाणी झिरपायला वाट द्यावी. कोकणातल्या पावसात साचलेल्या पाण्यापुढे रबरी वायसर फार काळ टिकत नाही.