जीन नंतर, फ्लास्क आधी

एम.एस्सी. संपत आलेली मुलं विद्यापीठाच्या आवारात भेटली की बहुतेक एकच विचारतात, "मॅडम, पीएच.डी.ला कुठली जीन (जनुक) घेऊ?" मी म्हणते, आधी पेशी जगवायला शीक. स्नायू आणि कूर्चा (कानात, सांध्यांत असते ती लवचीक ऊती) यांच्या पेशी कशा घडतात यावर काम करायचं तर निम्मी परीक्षा कल्चर रूममध्ये, म्हणजे पेशी वाढवायच्या खोलीतच होते.

जीनचं वेड कुठून आलं हे मला कळतं. १९८७ मध्ये मायो-डी ही एकच जीन साध्या फायब्रोब्लास्टमध्ये (जोडऊतीतल्या पेशींमध्ये) घातली आणि त्यांचा स्नायू झाला! पण तो निकाल तुमच्या हातून दिसायचा तर पेशी धड हव्यात. स्नायूसाठी बहुतेक जण सी-टू-सी-ट्वेल्व्ह या उंदराच्या पेशींवर हात बसवतात. दहा टक्के सीरममध्ये (रक्तातला पोषक द्रव) त्या वाढतात. थर जवळजवळ भरला की फक्त दोन टक्के हॉर्स (घोड्याचं) सीरम द्यायचं. खाणं तुटलं की विभाजन थांबतं, पेशी एका दिशेने लांब होतात, एकमेकींत मिसळतात आणि चार-सहा दिवसांत अनेक केंद्रकांच्या नळ्या दिसतात. साठ्याचा फ्लास्क (पेशी वाढवायची बाटली) मात्र कधीच गच्च भरू देऊ नका. मिसळायला तयार असलेल्या पेशी तिथेच संपतात आणि पुढच्या पिढीला न मिसळणाऱ्याच उरतात. शनिवारी "सोमवारी बघू" म्हटलं की साठा गेला.

कूर्चेचं तंत्र उलटं. या पेशी प्लास्टिकवर पसरल्या की स्वतःचा धर्म विसरतात, टाइप-टू कोलॅजेन (कूर्चेचं खास प्रथिन) सोडून टाइप-वन बनवू लागतात. १९८२ मध्ये अशाच पेशी अ‍ॅगरोजमध्ये (मऊ जेलमध्ये) ठेवल्यावर पुन्हा कूर्चेसारख्या वागल्या. म्हणून पसरायला जागा न देता, गर्दी करून वाढवायचं: साडेचार दिवसांच्या कोंबडीच्या भ्रूणातल्या पायाच्या कळीच्या (जिथून पाय फुटतो त्या उंचवट्याच्या) पेशी, दहा मायक्रोलिटरच्या थेंबात सुमारे दोन लाख. काही दिवसांनी अल्शियन ब्लू हा कूर्चा रंगवणारा रंग घातला की निळ्या गाठी उठतात. दुकानातली अंडी सहसा फलित नसतात, हॅचरीशी ओळख ठेवा.

हे दोन्ही कोल्हापुरात एकाच माणसाच्या अंगावर बघायला मिळतं. पैलवानाचा दुखावलेला स्नायू भरून येतो, कारण तंतूंच्या कडेला सॅटेलाइट पेशी राखीव बसलेल्या असतात (१९६१ मध्ये त्या पहिल्यांदा नोंदल्या गेल्या). कानाला मार बसला की कूर्चा आणि तिच्या आवरणात रक्त साचतं, आवरण तिथे वेडीवाकडी नवी कूर्चा घालतं आणि कान कायमचा गाठाळतो.

इथे काम करताना पावसाळ्याचा हिशेब वेगळा ठेवावा लागतो. ऑगस्ट २०१९ च्या पुरात शिरोलीजवळ महामार्गच बंद पडला होता. सीरम ड्राय आइसवर येतं, कार्बन डायऑक्साइडचे सिलिंडर ट्रकने. जूनच्या आधी दोन्ही भरून घ्या आणि चांगल्या पेशींच्या जादा व्हायल (छोट्या कुप्या) द्रवरूप नायट्रोजनमध्ये टाकून ठेवा.

नेट-जेआरएफ ही संशोधन शिष्यवृत्तीची परीक्षा काढाच. २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये आहेत आणि गाईड निवडायला मोकळीक मिळते. निवडताना नुसते पेपर मोजू नका. त्या लॅबमधल्या सीनियरला चहाला घेऊन जा आणि विचारा, दिवाळीत मीडिया (पेशींचं पोषक द्रव) कोण बदलतं? पाळ्या ठरलेल्या असतील तर अर्ज करा. "ज्याला जमेल तो" असं उत्तर आलं तर दुसरी लॅब बघा.