जुनी सिटी की जुनी फिएस्टा? ट्रायल घेताना या चुका टाळा

बजेट बेताचं, पण गाडी चालवायची हौस दांडगी. अशा माणसाची निवड बऱ्याचदा २००८ ते २०१३ मधली होंडा सिटी आणि त्याच सुमाराची फोर्ड फिएस्टा १.६ पेट्रोल या दोघींवर येऊन अडते. दोन्ही गाड्या मला मनापासून आवडतात. म्हणूनच दहा मिनिटांच्या ट्रायलवर एखादीला कुणी नाकारलं की वाईट वाटतं.

सगळ्यात आधी, नुसती पॉवर बघू नका. सिटीची ११८ पीएस (हॉर्सपॉवरसारखंच एकक), फिएस्टाची १०१, म्हणजे सिटी जोरदार, असा सरळ हिशेब लोक मांडतात. पण टॉर्क, म्हणजे इंजिनचा ओढण्याचा जोर, दोघींचा जास्तीत जास्त सारखाच आहे, १४६ एनएम. फरक आहे तो कुठे मिळतो यात. फिएस्टाला तो ३४०० आरपीएमलाच (इंजिनचे मिनिटाला फेरे) मिळतो, सिटीला ४८०० लागतात. त्यामुळे खंबाटकी घाटात तिसऱ्या गिअरवर फिएस्टा अंगचा जोर लगेच दाखवते. सिटीचं इंजिन मात्र वरच्या आरपीएमलाच रंगात येतं. तिला गल्लीत दोन हजार आरपीएमवर फिरवून ‘पिकअप नाही’ म्हणू नका. आणि फिएस्टा १.६ च आहे ना, हे आरसी बुकावर बघा, १.४ पेट्रोल ८२ पीएसची आहे, डिझेल ६८ ची.

गाडी ओढत नसेल तर आधी क्लच तपासा. मोकळ्या रस्त्यावर चौथ्या गिअरमध्ये चाळीसच्या वेगाला ॲक्सिलरेटर पूर्ण दाबा. आरपीएम चढला पण वेग तसाच राहिला, तर क्लच घसरतोय.

आता हँडलिंग. इथे सगळ्यात जास्त फसवतात ते टायर. टायरच्या बाजूला चौकोनात किंवा लंबगोलात चार आकडे असतात. २३१६ म्हणजे २०१६ चा तेविसावा आठवडा. नक्षी छान खोल दिसते, पण नख दाबलं तर रबर लाकडासारखं कडक, आणि बाजूला केसासारख्या बारीक भेगा. असे टायर वळणावर लवकर ओरडतात, पावसात पकड सोडतात, आणि दोष जातो गाडीच्या नावावर. मीही एकदा अशीच एक सेडान नाकारली होती. दुसऱ्याने घेतली, चार नवे टायर टाकले. मग मी ती चालवली आणि बोलायला शब्द उरले नाहीत.

टायरनंतर लोअर आर्मचे बुश आणि लिंक रॉड, म्हणजे पुढच्या सस्पेन्शनमधले रबरी तुकडे आणि जोडदांडे. स्पीडब्रेकरवर पुढून ‘कटकट’ ऐकू आली, किंवा ब्रेक मारताना गाडी एका बाजूला खेचली, तर आधी ते बघून घ्या. नुसतं चाकांचं अलाइनमेंट करून भागत नाही. सैल बुशवर केलेलं अलाइनमेंट टिकत नाही.

स्टिअरिंगचा प्रकारही वेगळा आहे. फिएस्टाचं हायड्रॉलिक, म्हणजे ऑइलच्या दाबावर चालणारं, सिटीचं इलेक्ट्रिक. फिएस्टाचं जरा जड लागतं, तो बिघाड नव्हे. पूर्ण वळवल्यावर घुंईऽऽ असा आवाज येत असेल तर मात्र ऑइलची पातळी आणि पंप बघा.

दोन्ही गाड्या एकाच दिवशी, एकाच रस्त्यावर, तेवढीच माणसं बसवून, एसी लावून चालवा. हवेचा दाब दोघींचाही दारावरच्या स्टिकरप्रमाणे भरा. डिकीत सीएनजीची टाकी असेल तर मागचं वजन वाढलेलं असतं, मग वळणावरची तुलना धरूच नका.

फोर्डने भारतातलं उत्पादन बंद करण्याची घोषणा २०२१ मध्ये केली, त्यामुळे सुटे भाग कुठून आणणार हे मेकॅनिकला आधीच विचारा. तो ‘आणतो मी’ म्हणाला आणि तुमचा रस्ता घाटाचा असेल, तर मी फिएस्टाच सांगेन. हायवेवर लांबचे पल्ले असतील, तर सिटी.