सारिया ते सांतियागो: कामिनोचे शेवटचे ११५ किलोमीटर कसे चालावेत

पंढरीच्या वाटेवर दिंडी असते, सामान ट्रकमधून पुढे जातं, मुक्कामाला जेवण तयार असतं. स्पेनच्या वायव्य कोपऱ्यातल्या सांतियागो दे कोम्पोस्तेलाला चालत निघालात की यातलं काही आपोआप होत नाही. तुम्ही, पाठीवरची सॅक आणि दगडावर रंगवलेला पिवळा बाण. येशूच्या बारा शिष्यांपैकी संत याकोबाची कबर तिथल्या कॅथेड्रलमध्ये आहे अशी श्रद्धा आहे, आणि मध्ययुगापासून युरोपभरातून लोक तिकडे पायी येतात. ही वाट म्हणजे कामिनो.

फ्रान्समधल्या सेंट-जाँ-पिए-द-पोरपासून निघालात तर सुमारे ७८० किमी, म्हणजे महिना-सव्वा महिना. एवढी रजा कोण देणार? सारियापासून चाला. 'कोम्पोस्तेला' हे प्रमाणपत्र मिळायला पायी किमान १०० किमी लागतात आणि सारिया साधारण ११५ वर आहे. लांबून आलेले काही जण सारियावाल्यांकडे बघून नाक मुरडतात. मुरडू द्या.

आधी पाय, मग तिकीट

तीन महिने आधी बूट घ्या, नेहमीपेक्षा अर्धा-एक नंबर मोठे, कारण दिवसभर चालून पाय सुजतात. दर रविवारी सिंहगड चढता म्हणून निर्धास्त राहू नका. एक दिवस वीस किलोमीटर कोणीही चालतो, प्रश्न दुसऱ्या दिवशी सकाळचा असतो. म्हणून भरलेली सॅक घेऊन शनिवार-रविवार लागोपाठ चालून बघा.

सॅकचं वजन तुमच्या वजनाच्या दहा टक्क्यांच्या आत ठेवा. कपड्यांचे दोन जोड, मोज्यांचे तीन, पोंचो (गॅलिसियात, म्हणजे सांतियागोच्या प्रांतात, पाऊस कधीही येतो), स्लीपिंग बॅग, संध्याकाळसाठी चपला, औषधं. जीन्स नको, भिजली की दोन दिवस वाळत नाही. खाऊचा मोह आवरा. मी दोन किलो चिवडा-चकल्या नेल्या होत्या, त्या पहिल्याच दिवशी वाटत सुटलो. एका कोरियन आजींना चकली इतकी आवडली की पुढे सांतियागोपर्यंत जिथे भेटतील तिथे त्या माझ्या सॅककडे बघायच्या.

कागदपत्रं

भारतीय पासपोर्टवर स्पेनचा शेंगेन व्हिसा लागतो. अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो. प्रवास विमा किमान ३०,००० युरोंचा हवा. मे, जून किंवा सप्टेंबर निवडा. जुलै-ऑगस्टमध्ये गर्दी फार, आणि हिवाळ्यात बऱ्याच धर्मशाळा बंद. माद्रिदहून रेल्वेने किंवा बसने लुगो गाठा, तिथून सारिया जवळच आहे.

सारियात पोचल्यावर 'क्रेदेन्सियाल' घ्या. हा यात्रेकरूचा पासपोर्ट. धर्मशाळा, चर्च, अगदी कॉफीच्या बारमध्येही त्यावर शिक्का मिळतो. कोम्पोस्तेला मिळायला रोज किमान दोन शिक्के घ्या.

वाटेवरचे दिवस

बहुतेक जण पाच दिवसांत संपवतात: पोर्तोमारीन, पालास दे रेई, आर्सुआ, ओ पेद्रोउसो, सांतियागो. पालास ते आर्सुआ हा टप्पा जवळजवळ २९ किमीचा आहे. तो मेलिदेला तोडून सहा दिवस करा.

पोर्तोमारीनला मिन्यो नदीवरचा लांब पूल ओलांडला की समोर उभ्या पायऱ्या येतात, नेमक्या पाय संपलेले असताना. जुनं गाव १९६० च्या दशकात धरणाच्या पाण्याखाली गेलं. त्याआधी तिथलं चर्च दगड सुटे करून, त्यांना आकडे घालून वर आणून पुन्हा उभारलं.

मुक्कामाला 'आल्बेर्गे', म्हणजे बंक बेडची धर्मशाळा. सरकारी आल्बेर्गेत आरक्षण नसतं, आधी येईल त्याला जागा. खासगीत फोनवर सांगून ठेवता येतं. रात्री दहाला दिवे बंद. इअरप्लग विसरलात तर घोरण्याची सर्व घराणी ऐकायला मिळतील.

शाकाहारींनी सावध राहावं. नुसतं 'शाकाहारी आहे' म्हणाल तर सॅलडवर टूना येतो, कारण त्यांच्या लेखी ते मांस नव्हे. 'सिन कार्ने, सिन पेस्कादो' (मांस नको, मासे नको) असं सुटं सुटं सांगा. इथल्या पालेभाजीच्या सूपमध्येही बहुधा डुकराची चरबी असते. अंडं चालत असेल तर बटाट्याचं जाड ऑम्लेट, म्हणजे तोर्तिया, सगळीकडे मिळतं. नाहीतर पाद्रोनच्या तळलेल्या मिरच्या घ्या, वर जाड मीठ. दहातली एखादी खरी तिखट निघते. दुपारी दुकानं बंद होतात आणि रात्रीचं जेवण आठच्या आत क्वचितच मिळतं, म्हणून सॅकमध्ये केळं असू द्या.

पाय चुरचुरायला लागला की त्याच क्षणी थांबा. 'पुढच्या गावात बघू' म्हणून मी तीन किलोमीटर रेटले आणि टाचेवर रुपयाएवढा फोड घेऊन बसलो. बूट-मोजे काढा, पाय वाळवा, लाल झालेल्या जागी टेप लावा, मोजे बदला. दहा मिनिटं जातात, पण पुढचे चार दिवस वाचतात. तरीही पाठ किंवा पाय बोलायला लागले तर सॅक पुढच्या मुक्कामी गाडीने पाठवायची सोय आहे. त्यात कमीपणा नाही.

पोचल्यावर

मोंते दो गोसोच्या टेकडीवरून कॅथेड्रलचे मनोरे पहिल्यांदा दिसतात. तिथून तासाभराची वाट. मोठी सॅक आत नेऊ देत नाहीत, आधी ती ठेवून या. ५३ किलोंचं प्रचंड धूपपात्र, बोताफुमेइरो, प्रत्येक मिस्साला (चर्चमधल्या प्रार्थनाविधीला) झुलवत नाहीत, ते दिसलं तर नशीब.

यात्रेकरू कार्यालयात चालण्याचं कारण विचारतात. तुमचा धर्म कोणता हे नाही. धार्मिक किंवा आध्यात्मिक ओढीने आलो म्हणालात तर लॅटिनमधली कोम्पोस्तेला मिळते, नुसता व्यायाम किंवा पर्यटन म्हणालात तर वेगळं प्रमाणपत्र. कोम्पोस्तेला फुकट असते, ती ठेवायची पुठ्ठ्याची नळी मात्र विकत. घ्या ती. मी पैसे वाचवले आणि पुण्यात पोचेपर्यंत माझ्या नावावरूनच घडी गेली.